ढगाखालची जागा

“ओ साहेब… हलू नका! आहात तिथंच थांबा. कुत्रं मोकळं आहे.”

ज्योतिबा शितोळे नांगरलेल्या रानाच्या मधोमध थांबला. एका हातात रंगीत कागद, दुसऱ्या हातात जागेचे आकडे दाखवणारं, मोबाइलपेक्षा जाडजूड यंत्र, आणि पुढ्यात दात दाखवणारं काळं केसाळ कुत्रं. डिसेंबर होता, भीमेवरून गार वारा येत होता, तरी त्याच्या कानशिलांवर घाम आला.

बांधावरून एक मुलगी ढेकळं ओलांडत आली. ओढणी कमरेला खोचलेली, हातात भाकरीचं गाठोडं. ती कुत्र्याला नुसतं “ए” म्हणाली आणि ते मुकाट तिच्या मागे जाऊन बसलं.

“काय हरवलंय?” तिने विचारलं.

“ठिपका.”

ती हसली नाही. “बघू,” म्हणाली आणि तिने त्याच्या हातातला कागद घेतला.

उपग्रहाने टिपलेलं दौंड तालुक्याचं चित्र होतं ते. ऊस लालभडक, नदी काळीनिळी, पडीक रानं राखाडी. राखाडीच्या मधोमध एकच काळा ठिपका होता आणि त्याच्याभोवती पेनाने गोल केलेला.

“हे चित्र कधीचं?”

“तीन आठवड्यांपूर्वीचं.”

“मग आता काय सापडणार? इथं माझ्या काकांनी मेंढ्या बसवल्या होत्या. दिवसा त्या चरायला जातात, पण लेंड्यांचा थर काळाच दिसणार. मग मालकानं नांगर घातला… गेला तुमचा ठिपका.”

ज्योतिबा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला, मग मोठ्याने हसला. “अहो, दोन दिवस ऑफिसात भांडलोय आम्ही यावरून! एक म्हणतो पाणी, दुसरा म्हणतो जाळलेलं पाचट…”

तेवढ्यात नदीकडून म्हस्कूकाका आले. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काठी. पुतणीने त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा.

“आभाळातनं माझी मेंढरं दिसत्यात व्हय?”

“मेंढरं नाही मामा, लेंड्या दिसतात,” ज्योतिबा म्हणाला.

“म्हंजी सरकार आता लेंड्याबी मोजणार! सुषे, ह्या पाव्हण्याला भाकर दे. उपाशी माणसाला असलंच कायबाय सुचतंया.”

तेव्हा मात्र ती हसली. आणि ज्योतिबाला वाटलं, चला… ठिपका सापडला नाही तरी दिवस काही वाया गेला नाही.

सुषमा कोकरे मूळची शिरूर तालुक्यातल्या केंदूरची. वडील तात्याबा यांनी मेंढ्या विकून शेती धरली होती. धाकटे म्हस्कूकाका अजून कळप घेऊन फिरायचे. सुषमाने त्याच उन्हाळ्यात पुण्याहून भूशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. पदवी ट्रंकेत होती आणि ती स्वतः काकांना भाकरी आणि मेंढ्यांचं औषध पोचवत होती. हे सगळं त्याने भाकरी खाता खाता काढून घेतलं. मग हात धुऊन, जरा घसा साफ करून तो म्हणाला, “आमच्याकडे काम आहे. तात्पुरतं आहे… पण आहे.”

काम असं होतं. पुढच्या सात-आठ वर्षांत जे उपग्रह सोडायचे, त्यांनी जमिनीवरचं काय काय पाहावं हे आतापासून ठरवायचं होतं. पुण्याच्या एका कचेरीतल्या चार-पाच जणांकडे त्याच्या आखणीचा एक तुकडा आला होता. त्यांनी शिरूर आणि दौंड हे दोन तालुके निवडले, कारण इथे जमीन नुसती बदलतच होती. कालव्याच्या पाण्यावर ऊस सरकत होता, कारेगावला कारखान्यांच्या शेड उठत होत्या, सणसवाडीला ज्वारीच्या रानात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहत होत्या. उपग्रह डोक्यावरून जायचा त्या दिवशी, त्याच वेळी जमिनीवर उभं राहून जे दिसेल ते लिहायचं. त्या दिवसाला ते ‘पास’ म्हणत. साधारण साडेतीन आठवड्यांनी एक पास यायचा.

जानेवारीच्या पासला सुषमा जीपमध्ये होती. पुढे ड्रायव्हर रखमाजी, मागे हे दोघं, आणि मध्ये नकाशांची गुंडाळी. ती गुंडाळी प्रत्येक वळणावर कधी त्याच्या मांडीवर घसरायची, कधी तिच्या.

“नकाशा बांधून का ठेवत नाही तुम्ही?” ती म्हणाली.

“दोरी विसरलो.”

“मागल्या खेपेलाबी हेच म्हणला होता,” रखमाजी आरशात न बघता म्हणाला.

सणसवाडीला पत्र्यांच्या खोल्या मोजताना एका दारातून एक कामगार डोकावला. “भैया, सर्वे है क्या? पानी का नल लगेगा?” ज्योतिबाने आकाशाकडे बोट दाखवून उपग्रहाचं सांगितलं. त्या माणसाने वर पाहिलं, मग ह्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, “तो भाभीजी भी साथ में सर्वे करती हैं?”

सुषमा वहीत डोकं खुपसून लिहीत राहिली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला स्वतःलाच जाणवत होत्या. “नहीं भाई,” ज्योतिबा म्हणाला, आणि मग तिला ऐकू जाईल इतक्याच आवाजात, “…अभी नहीं.”

जीपमध्ये बसताना तिने नकाशांची गुंडाळी उचलली आणि स्वतःहून पायाशी ठेवली. मधली जागा मोकळी झाली.

त्यांचं एक भांडण कायम चालायचं. ज्योतिबाला बारीक पाहणारा उपग्रह हवा होता. आत्ताच्या चित्रात एक ठिपका म्हणजे साडेपाच गुंठे रान. त्याला अर्धा गुंठा दिसायला हवा होता, बांधावरचं झाडसुद्धा दिसायला हवं होतं.

“पण बारीक पाहायचं म्हणजे एका फेरीत दिसणारा पट्टा अरुंद होणार,” सुषमा म्हणायची. “मग त्याच जागेवर परत यायला दोन-दोन महिने. तोवर ऊस तुटला, मेंढ्या गेल्या, खोल्या उठल्या. काय करायचंय तुमच्या झाडाला?”

“जवळून पाहिल्याशिवाय कळतं का काही?”

“वरचेवर पाहिल्याशिवाय तरी कुठं कळतं?”

“मग तुम्ही पुण्याला का येत नाही वरचेवर?”

“तुम्ही जवळून बघता का कधी?” ती पटकन म्हणाली, आणि मग जिभेचं टोक चावून तिने खिडकीबाहेर पाहिलं. रखमाजीने उगाचच हॉर्न वाजवला.

एकदा कारेगावच्या चहाच्या टपरीवर, जीपच्या बॉनेटवर चित्रं पसरून ती दोघं रकाने भरत होती. कारखान्यांच्या शेडवर चित्रात पांढरा ढग आला होता. सुषमाने त्या चौकोनात ‘काही नाही’ असं लिहिलं. ज्योतिबाने तिच्या हातातला पेन धरला.

“असं नाही लिहायचं. ढगाखाली काय आहे ते आपल्याला दिसलेलं नाही, एवढंच खरं. तिथे शेड असेल, ऊस असेल, कोणी उभंही असेल. ढगाखालची जागा कोरी सोडायची. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांची गल्लत केली, की पुढचं सगळं चुकतं.”

“एवढं रागावताय काय ओ… खोडते की.”

“रागावलो नाही.” पेनाचं एक टोक अजून त्याच्या हातात होतं, आणि दुसरं तिच्या. दोघांपैकी कोणीच सोडत नव्हतं. “या एका गोष्टीवर आमची कचेरी चालते, म्हणून सांगितलं.”

“ध्यानात ठेवीन,” ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या पासला ते केंदूरच्या माळाखालच्या रानात होते. ज्वारी निसवून दाणे भरले होते. तात्याबांनी शेकोटी करून हुरडा भाजला, कुशाबाईंनी, म्हणजे सुषमाच्या आईने, लसणाची चटणी दिली आणि दोघं नवराबायको पाणी धरायला खालच्या वाफ्यांकडे गेले. रखमाजी लिंबाखाली झोपला. उपग्रह येऊन गेला होता. तो कधी दिसायचा नाही, पण घड्याळ पाहून दोघंही नेहमी वर बघायची आणि मग एकमेकांकडे बघून हसायची.

“मला बंगलोरला बोलावलंय,” ज्योतिबा म्हणाला.

हुरड्याचं कणीस चोळता चोळता तिचे हात थांबले. “कशाला?”

“आखणीचं पुढचं काम तिकडे आहे. एप्रिलमध्ये जायचं.” त्याने तळहातावरचं कूस फुंकलं, ते वाऱ्याने तिच्याच केसांवर गेलं. तो ते काढायला पुढे झाला, आणि हात मध्येच थांबवून म्हणाला, “सुषमा… मला एकट्याने नाही जायचंय.”

ज्वारीवरून वारा सळसळत गेला. पाखरं उठली, पुन्हा बसली. तिच्या मनात ‘हो’ कधीचं तयार होतं. सणसवाडीपासून, कदाचित त्या कुत्र्यापासूनच. पण ते ओठांपर्यंत येताना तिला दौंडचे बापूसाहेब शितोळे आठवले. ज्योतिबाचे वडील, सोसायटीच्या निवडणुकीत ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं. आणि इकडे तात्याबा. मेंढ्या घेऊन दौंडकडे फिरायचे तेव्हा ज्यांना शितोळ्यांच्या ओसरीवर कधी बसायला सांगितलेलं नव्हतं.

“घरी बोललात?”

“बोललो. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले.” तो हसला. “म्हणजे होईल. पण आधी तू सांग.”

तिला एवढा आनंद झाला की तो लपवायला तिला थट्टाच सुचली. “शितोळे सर, एका पासवरून बदल झाला असं म्हणायचं नाही. दोन लागतात. तुमच्याच कचेरीचा नियम.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढच्या पासला विचारा. इथंच, याच बांधावर. तेव्हा सांगेन.”

“नक्की?”

“नक्की.”

परतताना जीप वळेपर्यंत तो मागे पाहत होता. तिने केसातलं कूस तसंच राहू दिलं होतं.

मार्चचा तो दिवस उजाडला तोच ढगाळ. पावसाचे नव्हेत, पातळ, दुधाळ, सगळीकडे सारखे पसरलेले ढग. पास ढगाळ असला की जीप निघायची नाही. कोणी कोणाला कळवायचंही नाही. वर पाहिलं की समजायचं, आज काम नाही.

सुषमाने वर पाहिलं. तिलाही समजलं. तरी तिने अबोली रंगाचा ड्रेस घातला, केस धुतले, आणि वेळेआधीच बांधावर जाऊन उभी राहिली. काम नव्हतं, पण उत्तर तर होतं ना! त्याला ढगांशी काय करायचं होतं? तो एसटीने येईल, पाबळहून चालत येईल… कसाही येईल.

ज्वारी काढून झाली होती. उघड्या रानात लांबूनही माणूस दिसला असता. दुपार झाली, कुशाबाई बोलवायला आल्या.

“अगं, आज कसलं काम? आभाळ बघ की.”

“जरा थांबते आई.”

“कुणाची वाट बघतीस?”

सुषमा रस्त्याकडेच बघत राहिली. आईने तिच्या धुतलेल्या केसांकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं आणि ती शेजारी बांधावर टेकली. रस्त्याने कोणीच आलं नाही. मग आई हळूच म्हणाली, “मोठ्या घरची माणसं बाई… घरचं कायतरी निघालं आसंल. चल.”

त्याच वेळी पुण्यात ज्योतिबा खिडकीपाशी उभा राहून ढगांना शिव्या देत होता. पास गेला. म्हणजे आता एप्रिल. त्याने कॅलेंडरवर पुढच्या तारखेला खूण केली, बंगलोरची तारीख त्यापुढे ढकलून घेतली. केंदूरला फोन एकच, किराणा दुकानात. तिथे ती बोलायला आली असती तरी अख्खं दुकान कान लावून बसलं असतं. आणि सुषमाच ती… कोणापेक्षाही तिला नियम पक्का ठाऊक. ढगाळ दिवशी ती बांधावर उभी असेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर असलेल्या मुलाचं स्थळ संक्रांतीपासून आलं होतं. तात्याबा पोरीला विचारल्याशिवाय पुढे जाणारे नव्हते. ढगाळ दिवसानंतर त्यांनी जेवताना पुन्हा विचारलं, “काय करायचं बाळ? त्यांचा परत निरोप हाय.”

सुषमाने ताटातली भाकरी मोडली. तो आला नाही, म्हणजे नाही. “तुम्ही ठरवा आबा,” ती म्हणाली.

एप्रिलच्या पासला आभाळ लख्ख होतं. ज्योतिबा ठरल्या वेळेआधीच बांधावर आला. सुषमा नव्हती. खालच्या रानात म्हस्कूकाका कळप घेऊन उतरले होते. त्यांनी लांबूनच हात केला.

“या पाव्हणं! बरं झालं आलासा. सुषीची सुपारी फुटली परवा. अक्षय्य तृतीयेला लगीन हाय. जेवायला यायचं बरं का… तुमच्या ठिपक्याची लई आठवण काढतो आम्ही.”

ज्योतिबाने घड्याळ पाहिलं. डोक्यावरून उपग्रह जात होता. त्याने त्या दिवशी एकही नोंद केली नाही. जीपमध्ये बसताना रखमाजीने विचारलं, “घराकडं जाऊन येऊ का?” तो म्हणाला, “नको. कळलं.”

मधली सात-आठ वर्षं गेली. सुषमा शिरूरच्या कॉलेजात शिकवायला लागली. नवरा चांगला होता, कमी बोलणारा. मुलाचं नाव स्वराज. २००९च्या थंडीत पुण्याला नव्या उपग्रहांच्या आखणीवर एक दिवसाची सभा होती. कॉलेजने तिला पाठवलं. तिसऱ्या रांगेत बसून ती कार्यक्रम चाळत होती, तेवढ्यात व्यासपीठावरून ओळखीचा आवाज आला.

ज्योतिबाच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. पुढच्या उपग्रहाने काय पाहावं हे तो सांगत होता: ठिपका मोठाच ठेवायचा, पण पट्टा रुंद, आणि चार-पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा. कोणीतरी उठून मध्येच टोकलं, “शितोळे, तुम्ही तर बारीक पाहण्याच्या बाजूचे होतात! झाडं मोजणार होतात!”

सभागृह हसलं. तोही हसला. “होतो,” म्हणाला. “पण एक दिवस ढगाळ गेला, तर महिनाभर थांबावं लागतं. तेवढ्यात जमीन…” तेवढ्यात त्याला ती दिसली. तो थांबला. पाण्याचा घोट घेतला. “तेवढ्यात जमीन आपली राहत नाही. म्हणजे… आपल्याला माहीत असलेली राहत नाही.”

चहाच्या वेळी ती खिडकीपाशी होती. तो दोन कप घेऊन आला.

“कशी आहेस?”

“बरी. तुम्ही?”

“बरा. मुलगी आहे, सायली. पहिलीला जाईल.” कपावरची साय बाजूला करत त्याने विचारलं, “म्हस्कूमामा?”

“मेंढ्या विकल्या त्यांनी. सणसवाडीला खोल्या बांधल्यात. म्हणतात, आता माझा ठिपका हलत नाही.”

दोघंही हसली. खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या.

“एप्रिलमध्ये आलो होतो मी,” तो म्हणाला.

“काका म्हणाले… नंतर.” ती खिडकीच्या गजाकडे पाहत होती. “मी मार्चमध्ये आले होते.”

“मार्चमध्ये? पण तेव्हा तर ढग…”

“हो. ढग होते.”

त्याने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ठेवताना थोडा चहा सांडला. त्याने पुसला नाही. “सुषमा, मला वाटलं तू येणारच नाहीस. पास रद्द म्हणजे… आणि मग मामांनी सुपारीचं सांगितलं. मला वाटलं, हेच तुझं उत्तर.”

“आणि तुम्ही आला नाहीत, ते मला तुमचं उत्तर वाटलं.” तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा सरळ होता, तेवढंच तिला जमत होतं. “कोरी सोडायची जागा होती. आपण दोघांनी तिथं ‘नाही’ लिहिलं.”

अगदी हळू त्याने विचारलं, “उत्तर काय होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. त्याचंही बरं झालं असतं, तिचंही. पण जे तिने त्या बांधावर उभं राहून स्वतः जाणलं होतं, ते वेगळं कसं सांगणार?

“हो म्हणणार होते,” ती म्हणाली. “फेब्रुवारीतच म्हणणार होते. थट्टा करायला नको होती.”

त्याने डोळे मिटले. मग उघडले. मागून कोणीतरी हाक मारली, “शितोळे, सुरू करायचंय.” त्याने हात वर करून ‘आलो’ अशी खूण केली, पण पाय हलवला नाही.

“नव्या उपग्रहासाठी शिरूरला पुन्हा जमिनीवरची माणसं लागतील,” तो घाईघाईने म्हणाला. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. “चार-पाच दिवसांनी पास असेल. मी दर खेपेला नसेन, पण… अधूनमधून येईन. तुझं नाव घालतो.”

तिने त्या पेनाकडे पाहिलं. त्या रानात ती पुन्हा उभी राहिली असती, तर प्रत्येक पासला तिने रस्त्याकडे पाहिलं असतं. स्वराजला शाळेतून आणायची वेळ झाली असती आणि तिने रस्त्याकडेच पाहिलं असतं.

“मुलांना पाठवीन,” ती म्हणाली. “हुशार आहेत. सुपे आडनावाची एक मुलगी आहे, तिला काम नीट समजावून सांगा. माझं नाव नका घालू.”

“कधीच?”

“नका घालू, ज्योतिबा.”

आजवर तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. त्याने पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी पुन्हा घातली आणि आत गेला.